साक्षीची डबी

सुरुवातीलाच माफी मागते. मला असं काही लिहिता येत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं शिकलेली मी पहिली. वडील शेळ्यामेंढ्या राखतात, आई मजुरीला जाते. कुणाबद्दल कागदावर लिहून ठेवायची रीत आमच्याकडं नाही. माणूस गेलं की दारात बसून त्याच्या चार गोष्टी सांगतात, आणि ज्याला जेवढ्या आठवतात तेवढ्या राहतात. कौसामावशीबद्दल बोलायचा हक्क माझ्यापेक्षा जास्त असलेल्या सहा बायका आमच्या झरी गावात आहेत. त्यात माझी आईसुद्धा आहे. पण दवाखान्यात काय झालं ते त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नाही, मी पाहिलं. एक गोष्ट मी त्या दिवशी तिथं, सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होती. बोलले नाही. म्हणून आता लिहिते.

कौसामावशी म्हणजे कौसल्याबाई. समाजमंदिराच्या मागं एक पत्र्याची खोली आहे, तिथं आमच्या गावच्या बचत गटाच्या सात बायका पांढरं फिनाईल, भांडी घासायचं लिक्विड आणि कोरफडीचं जेल बनवत. मावशी त्यांची प्रमुख होती. तिला सही करता येई, त्यापुढं फार काही वाचता येत नसे. पण खोलीत कुठली वस्तू येणार आणि कुठली नाही, हे तीच ठरवी. नवी बाटली किंवा पुडी आली की ती हातात घेऊन एकच विचारी, "ह्याचं काम काय?"

उत्तर आलं नाही तर वस्तू खोलीच्या बाहेर. जेलला हिरवा रंग घालू, लोकांना कोरफड हिरवी लागते, असं शांताकाकू एकदा म्हणाली. मावशीनं विचारलं, रंगाचं काम काय? शांताकाकू म्हणाली, दिसायला बरं. मावशी म्हणाली, "काम करंना त्या पाव्हण्याला काहून घरात घेता? चार दिस राहील आन् कातडं सोलून जाईल." भांड्याच्या लिक्विडला गुलाबाचा वास हवा, असं एका दुकानदाराचं म्हणणं होतं. त्यालाही नाही. ज्या ताटात जेवायचं त्याला अत्तर कशाला, असं ती म्हणे.

तिचे हात बघितले की ती असं का बोलते ते कळे. झरीला परत येण्याआधी बारा वर्षं ती शहरातल्या एका खासगी दवाखान्यात साफसफाईला होती. फरशीची, संडासाची औषधं हातमोज्यांशिवाय कालवायची. तळहाताचं कातडं जुन्या चामड्यासारखं गुळगुळीत झालं होतं आणि बोटांवरच्या रेषा पार गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं मशीन तिला ओळखत नसे. ती दहाही बोटं एकेक करून ठेवी, मागची रांग हसू लागे, आणि मावशी दुकानदाराला म्हणे, "त्याला मनावं, मी हितंच हाय, कुठं गेले न्हाई." नव्या घाण्याचा पहिला थेंब ती स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावी, कारण तळहाताला आता काही कळत नव्हतं. घाणा म्हणजे एका वेळी केलेला माल. तळणीचा शब्द तिथं रूढ झाला होता.

दुसरी तिची तपासणी पाण्याची. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा गटाचं फिनाईल दुधासारखं फाटलं. बायका म्हणू लागल्या की तेल खोटं दिलं. मावशीनं गावातल्या पाच ठिकाणचं पाणी पाच बाटल्यांत भरलं, प्रत्येकीत साबणाचा सारखाच तुकडा टाकून हलवलं आणि फेस बघितला. सगळ्यात कमी फेस आमच्याच खोलीच्या बोअरला. मला ते खरं वाटेना. मी त्याच पाच ठिकाणचं पाणी परभणीला कॉलेजात नेलं, प्रयोगशाळेत रंगाचा थेंब घालून त्याचा जडपणा मोजला आणि आकडे लिहून आणले. पाचही बाटल्यांचा क्रम तोच निघाला. मावशीनं माझा कागद उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "बरं झालं. तुझ्या कॉलेजालाबी साबण कळाया लागला." बायका खूप हसल्या. त्या दिवसापासून माल फिल्टरच्या पाण्यात होऊ लागला आणि मला खोलीत यायची मोकळीक मिळाली.

एका गोष्टीवर मात्र ती हसत नसे. जिंतूर रोडवरचा एक ढाबेवाला आला होता. त्याला संडासासाठी ॲसिड आणि ब्लीचिंग एकाच बाटलीत हवं होतं, डबल जोर यावा म्हणून. मावशीनं त्याला बसवलं आणि सांगितलं की दवाखान्यात एका बाईनं बंद न्हाणीत हे दोन्ही एकत्र ओतलं होतं. हिरवट धूर झाला. दार तोडून तिला ओढून काढली, पण तिची छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. सांगता सांगता मावशीला खोकल्याची उबळ आली आणि ती बाहेर गेली. ढाबेवाला गुपचूप उठला. ती बाई म्हणजे मावशीच, हे आईनं मला नंतर सांगितलं.

आता जेलबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं घडलं.

ज्या मालात पाणी आहे त्यात काही दिवसांनी जीव उगवतात. ते उगवू नयेत म्हणून एक औषध घालावं लागतं. त्याचं नाव अवघड आहे. बायका त्याला राखण म्हणत. पिकाला राखण, कळपाला राखण, तशी जेलला राखण. मावशी म्हणे, तेलाला राखण लागत नाही, पाण्याला लागते. दवाखान्यात फरशीच्या औषधाची बादली आठवडाभर भरून ठेवली होती आणि त्या औषधालाच बुळबुळीत शेवाळ आलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून तिचा कुठल्याही पाण्यावर विश्वास नव्हता.

म्हणून साक्षीची डबी. प्रत्येक घाण्यातली एक डबी ती खिडकीत ठेवी, जिथं दुपारचं ऊन थेट येई. रोज ती उघडायची आणि त्यात बोट घालायचं. तेही नुसतं पाण्यानं धुतलेलं, शेळ्यांचं करून आलेलं बोट. मी म्हटलं, मावशी, चमचा उकळून घ्या ना. ती म्हणाली, "गिऱ्हाईक उकळून घेतंय का?" असे एकवीस दिवस. एकवीस दिवस डबीला काही झालं नाही, तरच माल बाहेर. तोवर दुकानदार कितीही बोंबलू दे.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एप्रिल महिन्यात परभणीच्या एका पार्लरवाल्या मॅडमनी साठ डब्या मागितल्या. लग्नसराई होती. त्यांच्या दोन अटी होत्या. माल आठवड्यात हवा, आणि वर लिहायचं, केमिकल नाही. गटाला एवढी मागणी कधीच आली नव्हती. मावशी नाही म्हणाली. राखण काढली तर जेल टिकत नाही आणि एकवीस दिवसांशिवाय ती देत नाही. बायकांची तोंडं उतरली. माझ्या आईचंसुद्धा.

तेव्हा मी बोलले. मी म्हटलं, आपली राखण बदलू. लोणच्यात, सरबतात घालतात ती सोडियम बेंझोएट घालू. ती खायच्या वस्तूत चालते, मग तोंडाला लावायला काय हरकत? मॅडमनाही सांगता येईल की खाण्यातलीच वस्तू आहे. मला ते नाव येत होतं, त्याचं सूत्र येत होतं. सातही बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मला फार बरं वाटत होतं, हे खरं आहे.

मावशीनं हातातली डबी खाली ठेवली. मग म्हणाली, "लोणच्यातली वस्तू लोणच्यात. जेल काय लोणचं हाय का?" मी म्हटलं, पुस्तकात आहे मावशी. तिनं माझ्याकडं पाहिलं. पुस्तकापुढं ती कधी बोलत नसे. मला ते माहीत होतं.

जेल केलं. ती पांढरी पूड घातली तेव्हा घट्ट झालेलं जेल जरा पातळ झालं. मावशी म्हणाली, ह्याला ती मानवंना. मी म्हटलं, थोडी घट्ट करायची पावडर वाढवू. वाढवली. पाचव्या दिवशी माल गेला. मावशीनं तरीही एक डबी खिडकीत ठेवलीच.  मी मनात म्हटलं, ठेवू दे.

नवव्या दिवशी सकाळी मी बससाठी निघाले होते. मावशी रस्त्यावर उभी होती, हातात डबी. झाकण काढून तिनं ती माझ्या नाकाजवळ धरली आणि म्हणाली, "हुंग."

आमचं घर मेंढरांचं. भिजलेल्या घोंगडीचा वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. तोच होता. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन काळपट ठिपके होते. 

तिनं शांतपणे विचारलं की किती डब्या झाल्या होत्या. मी म्हटलं, बासष्ट. साठ पार्लरला. एक ही. ती थांबली. "आन् एक?"

मी खाली बघितलं. ती डबी मी कुणाला न सांगता घेतली होती. माझी मोठी बहीण सुमनताई पूर्णेला असते, दाजी रेल्वेत आहेत. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं आणि मानेला घामोळ्या आल्या होत्या. मीच फोनवर म्हटलं होतं, आपलं जेल लाव, थंड पडेल. दाजींबरोबर डबी पाठवली होती. मी हे सांगितलं तेव्हा मावशीचा चेहरा बदलला नाही. तिनं फक्त डबीचं झाकण लावलं आणि ती पदरात बांधली.

शांताकाकूला आणि आईला तिनं पार्लरला पाठवलं. सगळ्या डब्या वापस आणा, कुणाला विकल्या त्यांची नावं आणा, आणि कारण विचारलं तर खरं सांगा, असं बजावलं. आम्ही दोघी पूर्णेला निघालो. परभणीपर्यंत बस, तिथून गाडी. मी सारखा फोन लावत होते. रिंग जायची, उचलत कुणी नव्हतं. दाजींचा फोन बंद, म्हणजे ते ड्यूटीवर. ऊन एवढं होतं की गाडीच्या खिडकीचा गज धरवत नव्हता. मावशीनं सगळ्या वाटेत एकच विचारलं.

"कुठं लावती ती?"

"मानंला. घडीत."

"घडीत वल राहती," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. तिचा हात पदराच्या गाठीवर होता. मी मनात बाळाच्या मानेच्या घड्या मोजत होते. दोन की तीन, ते आठवत नव्हतं.

ताईच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, लेकरू रात्रभर रडलं, अंगात ताप हाय, सकाळीच दवाखान्यात नेलंय. मावशीनं कुठला दवाखाना ते विचारलं आणि चालायला लागली. मी तिच्या मागं पळत होते. तिला धाप लागली होती, खोकला येत होता, पण ती थांबली नाही.

ताई आत डॉक्टरांच्या टेबलासमोर बसली होती. बाळ तिच्या मांडीवर, मान एका बाजूला. घामोळ्यांच्या जागी पिवळ्या तोंडाचे फोड होते, कानामागपर्यंत. डॉक्टर विचारत होते की काय लावलं होतं. ताईनं मला दारात पाहिलं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, ही शिकलेली आहे, ही सांगेल.

मी आत आले. बाळाचं वजन करायच्या काट्याकडं सरकले आणि तिथंच उभी राहिले.

मावशी पुढं झाली. गाठ सोडून डबी टेबलावर ठेवली. "हे लावलंय. मी केलंय," ती म्हणाली. मग तिनं आत काय काय आहे ते सांगितलं. कोरफडीचा गर, फिल्टरचं पाणी, घट्ट व्हायची पावडर, तिला फुलवायचे थेंब, ग्लिसरीन. क्रमानं, प्रमाणासकट, पाठ असल्यासारखं. शेवटी म्हणाली, "राखण मी बदलली. एकवीस दिस थांबले न्हाई. वास आज कळला."

डॉक्टर खूप चिडले. अडाणी बायकांनी असले उद्योग करू नयेत, लहान लेकराच्या जिवाशी खेळ आहे हा, असं बरंच बोलले. खरंच बोलत होते. मावशी मान खाली घालून उभी होती. ते थांबल्यावर ती म्हणाली, "मला मागून बोला. आधी त्याचं बगा."

मी त्या काट्याजवळच उभी होते. रसायनशास्त्र घेऊन शिकणारी. ती वस्तू मी सुचवली, असं एक वाक्य बोलायचं होतं. ताई होती, तिची सासू नंतर आली, संध्याकाळी दाजी आले. प्रत्येक वेळी मला ते वाक्य बोलता आलं असतं.

आम्ही परतलो तेव्हा स्टेशनच्या बाकावर मी रडायला लागले. मावशीनं रडू दिलं. मग म्हणाली, "नाव ठावं हाय मनून वस्तू ठावी असती असं न्हाई, रेणू. माणसाचंबी तसंच हाय." दवाखान्यात मी गप्प राहिले, त्यावरून ती मला पुढं कधीच बोलली नाही.

बाळाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. फोड सुकायला दोन आठवडे लागले. कानामागं एक बारीक वण राहिला आहे. पार्लरमधून सत्तेचाळीस डब्या परत आल्या. उरलेल्या तेरा शोधायला मावशी चार दिवस गावोगाव हिंडली. शेवटची एका नवरीच्या बॅगेत होती, हळदीच्या आदल्या दिवशी. नवरीची आई डबी देईना, चांगली आहे म्हणे. मावशीनं झाकण काढून तिला हुंगायला लावलं. सगळं जेल खड्ड्यात ओतलं, वर ब्लीचिंग टाकलं. त्या मॅडमनी पुन्हा कधी माल मागवला नाही.

त्यानंतर मावशीनं मला एक काम दिलं. ती राखण का चालली नाही, ते पुस्तकात बघ. मी बघितलं. माझ्याच पुस्तकात होतं, पुढच्याच पानावर. ती वस्तू फक्त आंबट पाण्यात काम करते. जेल आंबट नसतं. मी तिला जाऊन सांगितलं. ती कोरफडीची पानं सोलत होती. "मनून लोणच्यात," ती म्हणाली, आणि दुसरं पान घेतलं.

ताईच्या सासरी अजूनही मावशीचं नाव निघालं की सासूबाई तोंड फिरवतात. झरीच्या त्या बाईनं आमच्या लेकराला फोड आणले, असं त्या पाहुण्यांना सांगतात. दोन वर्षं मी ते ऐकून घेतलं. हा कागद मी ताईला पाठवणार आहे, आणि सासूबाईंना तो मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

एम.एस्सी.साठी मी गेल्या वर्षी बाहेरगावी आले. निघायच्या दिवशी खोलीवर गेले तेव्हा मावशी खिडकीशी उभी होती, पाठमोरी. साक्षीची डबी उजेडाकडं धरून आत बघत होती. मी म्हटलं, मावशी, येते. तिनं वळून पाहिलं नाही. बोट डबीत होतं. दुसरा हात फक्त वर केला आणि म्हणाली, "ये. ह्याचा आज सतरावा हाय."

परवा माझा शेवटचा पेपर झाला आणि त्या संध्याकाळी आईचा फोन आला. आधी ती शेळ्यांचं बोलली, मग उन्हाचं. मग म्हणाली, कौसा गेली. छातीनंच गेली. मी विचारलं, कधी? आई म्हणाली, पंधरा दिस झाले. तुझी परीक्षा होती, मनून सांगितलं न्हाई. सकाळी घाणा केला, डबी खिडकीत ठेवली, आन् दुपारी बसल्या जागी.

 मी त्या घाण्याचं विचारलं. माल गेला का?

आई म्हणाली, दुकानदार दोनदा येऊन गेला. आमी दिला न्हाई. डबीत बोट आता शांता घालती. अजून सहा दिस हायत.